एका अक्षराचा फेरफार

नंदुरबार, गडचिरोलीच्या आदिवासी मुलखांत पिढ्यान्‌पिढ्या ठाण मांडून बसलेल्या सिकलसेल व्याधीचे मूळ अवघ्या एका अक्षरात आहे, हे ध्यानी आले म्हणजे मन थक्क होते. अकराव्या गुणसूत्रावरील बीटा ग्लोबिनच्या जनुकात ‘ए’च्या जागी ‘टी’ आला, की ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन बसते, आणि प्राणवायू सोडून दिलेली तांबडी पेशी विळ्यासारखी वाकून सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकते. रोग्याला असह्य कळा येतात त्या यामुळेच.

या दोषाचा बंदोबस्त आता शरीराबाहेर करता येतो. रोग्याच्या रक्तातून मूळपेशी वेगळ्या काढून, त्यांना पोषक द्रवात जोपासून, विजेच्या क्षणिक धक्क्याने त्यांच्या आवरणाला छिद्रे पाडून कॅस९ हे विकर आत सोडतात. मार्गदर्शक आरएनए त्यास नेमक्या स्थळी नेतो आणि तेथे डीएनएचे दोन्ही धागे तुटतात. २०२३ साली प्रथम ब्रिटनने व मागोमाग अमेरिकेने मंजूर केलेल्या कॅसजेव्ही उपचारात सदोष जनुकाला हातच लावीत नाहीत. बीसीएल११ए या जनुकाची रक्तपेशींतील हुकमत मोडून गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन पुनश्च सुरू करतात, आणि ही युक्ती मला प्रत्यक्ष दुरुस्तीहूनही विलक्षण वाटते.

परंतु पेशी परत देण्यापूर्वी तीव्र औषधांनी जुनी अस्थिमज्जा रिकामी करावी लागते, आणि अमेरिकेत किंमत बावीस लाख डॉलर! दिल्लीच्या आयजीआयबी संस्थेने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केलेला ‘बिरसा १०१’ हा स्वदेशी उपचार म्हणूनच मोलाचा आहे. तो गावोगाव पोहोचेपर्यंत, व्याधी पुढच्या पिढीत उतरू नये म्हणून या आदिवासी मुलखांतील विवाहेच्छू तरुण-तरुणींनी सरकारी दवाखान्यात सिकलसेलची रक्ततपासणी अवश्य करून घ्यावी.