पाणी दळू लागतं तेव्हा

दळण म्हटलं की आज आपल्याला काय आठवतं? डबा चक्कीवर पाठवायचा आणि तासाभरानं गरमगरम पीठ घरी आणायचं. पण माझ्या सासूबाईंसमोर हा शब्द काढला, की त्या आधी आपले तळहात पुढे करतात. आंबागडच्या किल्ल्याकडच्या आमच्या गावात त्या सून म्हणून आल्या, तेव्हा विजेची चक्की जवळ नव्हती. पहाटे चारला उठून जात्याशी बसायचं, एका हातानं खुंटा ओढायचा, दुसऱ्या हातानं वैरण घालायची. त्या घट्ट्यांच्या खुणा अजून पुसलेल्या नाहीत.

गेल्या दिवाळीच्या सुटीत आम्ही सगळे वेरूळ पाहायला गेलो. परतताना औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, पाणचक्की पाहायची ठरली. खाम नदीच्या काठी बाग आहे, कारंजी आहेत, मुलं खेळतील आणि आईही जरा टेकतील, एवढाच आमचा हिशेब. पण आई बाकावर बसल्याच नाहीत. दगडी जातं आपोआप फिरताना दिसलं आणि त्या जागीच थबकल्या. "माय वं! पाणीच दरन दरते!"

मी अर्धवेळ शिक्षिका, त्यामुळे समजावून सांगण्याची खोड आहेच. गच्चीवरची टाकी उंच असली की न्हाणीतल्या नळाला जोर येतो ना, तसंच हे. शहराबाहेरच्या डोंगरातल्या झऱ्याचं पाणी जमिनीखालून खापरी नळांनी कित्येक मैल आणलं. वाटेत ठिकठिकाणी दगडी मनोरे बांधले. पाणी त्यात चढतं, अडकलेली हवा निघून जाते आणि पाणी पुढं सरकतं. शेवटी एका उंच भिंतीवरून ते हौदात कोसळतं. त्याच पाण्याच्या जोरानं जात्याखालची लोखंडी पाती असलेली फिरकी फिरते, आणि तिच्याबरोबर वरची तळी. ना बैल, ना वाफ, ना वीज! हौदाच्या खाली एक मोठं दालन आहे. हौदाचा तळ म्हणजेच त्या दालनाचं छत, म्हणून भर उन्हाळ्यातही आत गारवा असतो. आपण माठाला ओलं फडकं गुंडाळतो, तसा हा घराला गुंडाळलेला गारवा!

या गावाचा पाण्याशी संबंध जुना. मलिक अंबरनं 1610 च्या सुमारास इथं खडकी वसवली आणि जमिनीखालच्या नहरीनं शहराला पाणी दिलं. पाणचक्कीची नहर मात्र वेगळी, नंतरची. बुखाऱ्याकडून आलेले सूफी संत बाबा शाह मुसाफिर यांचा दर्गा इथं आहे. चक्कीच्या बांधणीशी निजामाच्या पदरचे सरदार तुर्कताज खान यांचं नाव जोडलं जातं, आणि साल 1744 सांगतात. हे पीठ विकण्यासाठी नव्हतं. दर्ग्यात येणारे वाटसरू, फकीर, पोरकी मुलं आणि शिपाई यांच्या भाकरीसाठी होतं.

मैत्रिणींनो, इथंच माझं मन अडलं. रोजच्या एवढ्या पंगतीचं पीठ हातानं दळायचं असतं, तर ते कुणी दळलं असतं? तुमच्याआमच्यासारख्याच कुणी बायांनी, पहाटे उठून! ज्यानं कुणी ही युक्ती काढली, त्याच्या मनात बायांचा विचार होता की नाही, कोण जाणे. पण खुंटा ओढणारे कितीतरी हात त्या पाण्यानं मोकळे केले, हे खरं.

आई बराच वेळ धारेकडं बघत होत्या. मग म्हणाल्या, "जातं तं दगडाचं आहे, ते काही मरत नाही. पन त्या नळातला गाळ कोन काढते?"

अगदी मुद्द्याचं बोलल्या. शहर वाढलं, नहरींच्या वाटेवर बांधकामं आली, जुने खापरी नळ जागोजागी फुटले. झऱ्याचं पाणी कमी झालं की धारही बारीक होते. खाम नदीही सांडपाण्यानं नाल्यासारखी झाली होती. गेल्या काही वर्षांत ती स्वच्छ करण्याचं काम सुरू झालं, हे बरं झालं. पण बाग कितीही सजवली, तरी नहर राहिली नाही तर चक्की ही नुसती शोभेची वस्तू.

परतीच्या गाडीत मला आपला भंडारा जिल्हा आठवत राहिला. तलावांचा जिल्हा म्हणतात आपल्याला. आंबागडचा किल्ला बांधला गेला तो 1700 च्या सुमारास, म्हणजे जवळपास पाणचक्कीच्याच काळात. गोंड राजांच्या अमलात कोहळी मंडळींनी आपल्या मुलखात तलाव बांधले, पाळी घातल्या आणि धानाला पाणी दिलं. पुढं हे तलाव मालगुजारांच्या ताब्यात आले. 1951 मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारकडं गेले आणि 'माजी मालगुजारी' म्हणजे 'मामा तलाव' झाले. मालगुजारी गेली ते योग्यच झालं. पण पूर्वी उन्हाळ्यात गाळ काढून शेतात टाकायची रीत होती, ती मागं पडली. तलाव सरकारचा, मग गाळ आपला कसा? असं म्हणत आम्ही सगळेच मोकळे झालो.

आमच्या गावतलावातही बेशरमीची झुडपं माजली आहेत. पाणी लवकर आटतं, टोकाच्या शेतांना पोचत नाही. आणि तलाव आटला की विहिरीही खाली जातात. मग घागर घेऊन लांब कोण जातं, हे मी सांगायला नको.

घरी आल्यावर बचत गटाच्या बैठकीत मी पाणचक्कीची गोष्ट सांगितली. 2017 मध्ये राज्य सरकारनं 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आणली, तिचीही माहिती दिली. ग्रामसभेत तलावाचा विषय मांडायचा, असं आम्ही अकरा जणींनी ठरवलं. अर्जावर पहिला अंगठा सासूबाईंचा. काय होईल ते दिसेलच. पण विचारायचं राहून गेलं, असं तरी व्हायला नको.

जाता जाता, आईंनी दिलेली एक गोष्ट तुमच्यासाठी. विजेच्या चक्कीचं पीठ गरम असतं. ते तसंच डब्यात भरून झाकण लावू नका. परातीत पसरून निवू द्या, मगच भरा. जात्याचं पीठ थंड असायचं, म्हणून त्या काळी ही काळजी नव्हती. सोय आली की तिची निगाही आपल्याकडंच येते, मग ते पीठ असो की पाणी!