लिनक्सवर पेन ड्राइव्ह उघडत नाही? फॉरमॅट मारू नका, आधी हे बघा

झेरॉक्स-प्रिंटचं दुकान टाकणाऱ्यांना मी लिनक्स मिंट किंवा उबुंटू सुचवतो. परवान्याचा खर्च शून्य. पण मग हमखास प्रश्न येतो, "सर, गिऱ्हाइकाचा पेन ड्राइव्ह लावला, उघडतच नाही!"

गिऱ्हाईक समोर उभं, आत लग्नपत्रिकेची पीडीएफ, प्रिंट आत्ता हवी. अशा वेळी "फॉरमॅट मारून बघू का?" हे तोंडातून काढायचं नाही. ड्राइव्ह तुमचा नाही, त्यातला डेटा तर नाहीच नाही.

आधी दुसऱ्या पोर्टला लावा, शक्यतो सीपीयूच्या मागच्या. मग टर्मिनल उघडून एल-एस-बी-एल-के टाइप करा, सलग आणि छोट्या अक्षरांत. यादीत पेन ड्राइव्ह बहुतेक 'एसडीबी' नावाने दिसेल. १६ जीबीचा ड्राइव्ह १४-१५ दाखवतो, ते बरोबर आहे. मोजायची पद्धत वेगळी.

यादीत नावच नाही किंवा साइज शून्य? मग बहुधा ड्राइव्हच गेलाय. तासभर झटापट करू नका, फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर मागून घ्या.

नाव दिसतंय पण उघडत नाही, तर आशा आहे. बरेचदा कुणीतरी विंडोजवरून तो तसाच उपटून काढलेला असतो. एनटीएफएस फॉरमॅटवर मग 'नीट बंद झालं नाही' अशी खूण राहते आणि लिनक्स अडून बसतं. इथे ड्राइव्ह फक्त वाचण्यापुरता उघडायचा:

सुडो माउंट -ओ आरओ /डेव्ह/एसडीबी१ /एमएनटी

(टाइप अर्थातच इंग्रजीत करा, आणि 'एसडीबी१'च्या जागी तुमच्या यादीतलं नाव.) 'आरओ'मुळे ड्राइव्हवर काहीही लिहिलं जात नाही. बरेचदा एवढ्यावर काम होतं. 'एमएनटी' फोल्डरमधून फाइल कॉपी करा, प्रिंट काढा. नेटवर 'एनटीएफएसफिक्स' चालवायचा सल्ला जागोजागी दिसेल. ती पूर्ण दुरुस्ती नव्हे. गिऱ्हाइकाच्या ड्राइव्हवर मी तरी चालवणार नाही. दुरुस्ती विंडोजच्या चेकडिस्कने, तीही मालकाला विचारून.

जुनं लिनक्स असेल तर अजून एक शक्यता. मोठे ड्राइव्ह, म्हणजे ६४ जीबी आणि पुढचे, बरेचदा एक्सफॅट असतात. त्याचा सपोर्ट कर्नलमध्ये २०१९ साली, ५.४ पासून आला. त्याआधीच्या उबुंटूवर 'एक्सफॅट-फ्यूज' पॅकेज टाकावं लागतं.

याचे पैसे घ्यायचे का? नुसतं उघडून देण्याचे नको, प्रिंटचे मिळतातच. उडालेल्या फाइल शोधून द्यायच्या असतील तर मात्र दर आधी सांगा, आणि मिळतीलच अशी हमी देऊ नका.