वुजूचे पाणी आणि दारची मेंदी

उन्हाळ्यात धाराशिव जिल्ह्यात बागेचा विषय काढला की लोक हसतात. प्यायच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहायची, तिथे झाडांना पाणी कुठून घालायचे? प्रश्न रास्त आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपण कोणीच विसरलेलो नाही. तरीही आम्ही म्हणतो की ज्या घरात पाच वेळा वुजू होतो, त्या घराला दोन-चार झाडांपुरते पाणी कमी पडत नाही. ते रोज आपल्याच मोरीतून वाहून जाते.

हिशेब करून पाहा. दीड लिटरचा लोटा, घरात पाच माणसे, दिवसाच्या पाच नमाजा. झाले साडेसदतीस लिटर. पुरुषमंडळी मशिदीत वुजू करतात, कधी एकाच वुजूवर दोन नमाजा होतात, म्हणून निम्मेच धरा. तरी रोजची एक मोठी बादली उरते. आणि हा हिशेब लोट्याचा आहे. नळ सोडून वुजू करणाऱ्यांनी एकदा खाली बादली ठेवून बघावे. प्रेषित मुहम्मद (स.) एका मुद पाण्यात वुजू करीत, असे हदीसमध्ये आले आहे. मुद म्हणजे दोन्ही हातांच्या भरलेल्या ओंजळीएवढे माप, आजच्या हिशेबाने पाऊण ते एक लिटर. वाहत्या नदीकाठी बसूनही पाणी उधळू नये, ही शिकवणही आपण लहानपणापासून ऐकतो.

काही ज्येष्ठांना शंका वाटते की वापरलेले पाणी झाडांना चालते का. वुजूचे पाणी पाक असते. त्याने पुन्हा वुजू करता येत नाही, एवढेच उलेमा सांगतात. झाडाला घालायला काहीच हरकत नाही. फक्त वुजूच्या जागेखाली परात किंवा टब ठेवावा आणि साबणाचे, पेस्टचे पाणी त्यात येऊ देऊ नये. पाणी त्याच दिवशी संपवावे. साठवून ठेवले तर डास होतात, आणि डेंग्यूचा ताप झाडांपेक्षा महाग पडतो.

कमी पाण्याच्या मुलखात पाणी अडवून वापरण्याची रीत आपल्याकडे नवी नाही. नळदुर्गचा किल्ला आपण मुलांना सहलीला दाखवतो. तिथे बोरी नदीवर दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या काळात, १६१३ मध्ये, दगडी धरण बांधले आणि त्याच्या भिंतीच्या पोटात पाणीमहाल केला. पावसाळ्यात नर-मादी धबधब्यांचे पाणी महालासमोर पडदा धरते, आणि आत बसलेल्या माणसाला थेंब लागत नाही. मुले धबधबा बघून खूश होतात. आम्ही त्यांना भिंत बघायला लावतो, कारण खरे काम तिचे आहे. तिकडे खडकीत, म्हणजे पुढच्या औरंगाबादेत, मलिक अंबरने जमिनीखालून नहर आणून शहराला पाणी दिले. या मुलखातल्या बागा भरपूर पाण्यावर कधीच उभ्या राहिल्या नाहीत. पाणी राखले गेले, तिथे त्या राहिल्या.

आता आपल्या अंगणाकडे वळू. पहिले झाड मेंदीचे लावावे, असे आमचे ठाम मत आहे. ऊन सोसते, हलकी जमीन सोसते, शेळीने खाल्ले तरी पुन्हा फुटते. पेन्सिलीएवढ्या जाडीची, वीतभर लांबीची जून फांदी तिरपी कापून निम्मी मातीत खोचावी. पहिले दोन महिने ओल राहू द्यावी, पुढे दोन-तीन दिवसांआड एक तांब्या पुरतो. दरवर्षी छाटणी केली तर दाट कुंपण होते. पांढरट फुलांचा वास संध्याकाळी सगळ्या गल्लीत पसरतो. पाने जून झाली की तोडावीत, सावलीत वाळवून कुटावीत आणि दोनदा गाळावीत. उन्हात वाळवली तर रंग उतरतो.

हे सगळे करायचे कशाला, बाजारात कोन मिळतात की, असे मुली म्हणतात. ईदच्या आधी गल्लोगल्ली ते विकायला असतात हे खरे. पण पाच मिनिटांत काळा रंग चढवणारी मेंदी म्हणून जे विकले जाते, त्यात पुष्कळदा पीपीडी हे केस रंगवण्याचे रसायन असते. त्याने हातावर फोड येतात, कधी डाग राहतात, आणि एकदा त्रास झाला की पुढे केसांचा रंगही अंगावर उठतो. पाल्याची मेंदी कधीच काळी रंगत नाही. ती आधी केशरी दिसते आणि दोन दिवसांत गडद तांबडी होते. म्हणून चाँदरातीची वाट न पाहता एक दिवस आधी लावावी. लहान मुलींच्या हातावर तरी घरचीच मेंदी असावी, हा आमचा हट्ट आहे.

दुसरे झाड डाळिंबाचे. मूळ इराणकडचे हे झाड सोलापूर भागाला इतके मानवले की सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. पवित्र कुरआनात डाळिंबाचा उल्लेख तीनदा येतो. त्यातल्या सूरह अल्-अनआमच्या १४१ व्या आयतीत खजूर, जैतून, डाळिंब यांची फळे खा, तोडणीच्या दिवशी त्यातला हक्क द्या, असे सांगून लगेच उधळपट्टीची मनाई केली आहे. फळ आणि काटकसर एकाच आयतीत! घरच्या झाडाला अर्धा कापलेला मोठा ड्रम पुरतो. खाली भोके मात्र पाडावीत. नुसत्या काळ्या मातीत मुळे गुदमरतात, म्हणून काळी माती, मुरूम आणि कुजलेले शेणखत सारखे घ्यावे. फळावर तेलकट काळे डाग दिसले तर तो तेल्या रोग. अशी फळे व फांद्या तोडून जाळाव्यात आणि कात्री स्पिरिटने पुसावी.

पुदिना तर फुकटचा. बाजारच्या जुडीतल्या जाड काड्या सावलीच्या कुंडीत खोचल्या की आठवड्यात धरतात, पुढे रोजाच्या चटणीची सोय होते. सीताफळ बालाघाटाच्या डोंगरात आपसूक येते, पण मुळात ते अमेरिकेचे. पोर्तुगीजांच्या काळात इकडे आले आणि आपलेच होऊन गेले. बी लावून तीन-चार वर्षे धीर धरावा.

गावाला जाताना पाण्याची चिंता असेल तर झिरपणारा जुना माठ टाकू नये. दोन झाडांच्या मध्ये गळ्यापर्यंत पुरून भरावा, तोंडावर झाकण ठेवावे. माती मागेल तसे पाणी झिरपते आणि चार-पाच दिवस निघतात. रंग दिलेला माठ मात्र उपयोगाचा नाही. आपल्याकडे बोअरचे पाणी जड आहे. कुंडीत पांढरा थर दिसला तर वरची माती खरवडून बदलावी आणि कुंडी पावसात उघडी ठेवावी.

मशिदींच्या विश्वस्तांनाही एक विनंती. जुम्याला वुजूखान्यातून किती पाणी गटारात जाते ते एकदा उभे राहून पाहा. एक पाइप आणि थोडा उतार मिळाला तर दाराशी कडुनिंबाची सावली होईल. लावलेल्या झाडाचे माणसाने, पाखराने, जनावराने काही खाल्ले तर तो लावणाऱ्याचा सदका होतो, ही हदीस आपण बयानात ऐकतोच.

मेंदीच्या फांद्या लावायला मृगाचा पहिला पाऊस बरा. त्याच सुमारास ज्यांच्या दारी कुंपण आहे ते छाटणी करतात आणि फांद्या रस्त्यावर टाकतात. मागायला संकोच करू नये. आमच्या दारची मेंदीही एका खालाच्या कुंपणातूनच आली आहे.