सैनिक सुताराची पाभर

शेतीच्या उत्पन्नाचा हिशेब मांडताना आपण बी, खत, पाणी व मजुरी एवढ्या बाबी धरतो. पेरणीच्या ऐन वेळी मोडकी पाभर नीट करून देणाऱ्या हाताची किंमत मात्र हिशेबात क्वचितच येते. महसूल खात्यात कारकुनी करताना प्रस्तुत लेखकाने पुष्कळ दप्तरे हाताळली. त्यांत जमिनीचा आकार असतो, पीकपाहणी असते, वारसाची नोंद असते. कारागिराच्या कसबाची नोंद कोठेच नसते. म्हणून सीनाकाठच्या आमच्या गावच्या एका दिवंगत सुताराची ही नोंद सभासद बंधूंपुढे ठेवीत आहे. त्यांस सारा गाव आबा म्हणे. येथेही तेच नाव पुरे.

आबा १९४१ साली खडकीस बॉम्बे सॅपर्स अँड मायनर्स या पलटणीत भरती झाले. रस्ते व पूल बांधणे हे या पलटणीचे काम. तेथे सुतारास मागणी असे. पुढे त्यांची तुकडी इटलीच्या आघाडीवर गेली. १९४३ च्या नोव्हेंबरात तेथील सांग्रो नदीस पूर येऊन सैन्याने बांधलेले पूल वाहून गेले. अशा नद्यांवर डोनाल्ड बेली या इंग्रज अभियंत्याने योजिलेला पूल फार उपयोगी पडला. त्याची एकेक पोलादी चौकट १० फूट लांब व सुमारे ५७० पौंड वजनाची असून सहा माणसे ती उचलीत. सर्व चौकटी एकाच मापाच्या. कोणतीही कोणत्याहीस जुळे, आणि खीळ घातली की सांधा पक्का होई. एक चौकट मोडली तर तेवढीच काढून दुसरी बसविता येई.

नातवंडांनी लढाईच्या गोष्टी मागितल्या, की आबा या पुलांच्याच सांगत. पुलावरून पलीकडे कोण गेले व कोण परत आले नाही, हे मात्र ते कधी बोलले नाहीत.

१९४६ साली आबा घरी परतले व वाकस हाती घेतला. तोवर गावातील प्रत्येक पाभर नजरेच्या अंदाजाने घडविलेली असे. एकीचा फण दुसरीस बसत नसे. फण मोडला, की त्याच पाभरीच्या भोकास जुळेल असा नवा तासावा लागे, आणि तेवढ्यात शेताचा वाफसा निघून जाई. आबांनी बाभळीची एक मापकाठी केली. फणांतील अंतर, दिंडाची जाडी, भोकाची रुंदी, कुसवाची लांबी या सर्वांच्या खाचा तीवर पाडल्या. रब्बी ज्वारीसाठी त्यांनी फणांतील अंतर १८ इंच धरले. शेतकी खात्याची ४५ सेंटिमीटरची शिफारसही जवळपास तेवढीच आहे. बाभळीचे लाकूड ते आधी पाण्यात मुरवीत, मग सावलीत वाळवीत, आणि उन्हाळ्यात काम थोडे असे तेव्हा फण व दिंडे घडवून ठेवीत.

या शिस्तीचा कस १९७३ साली लागला. आदल्या वर्षीच्या दुष्काळात कित्येकांची औते उन्हात पडून तडकली होती. पाऊस झाला, जमीन वाफशावर आली, आणि सर्वांस पाभरी एकाच वेळी हव्या झाल्या. माझे वडील सांगत, की आबांच्या अंगणात त्या आठवड्यात रात्रीही कंदील विझला नाही. आलेला माणूस मोडका फण टाकी व तयार फण ठोकून घेऊन जाई. कोणाचेही रान पाभरीवाचून पडीक राहिले नाही.

मोबदल्याची गोष्टही लिहिणे प्राप्त आहे. गावास उपयोगी पडणाऱ्या चाकरीची इनामे १९५३ च्या कायद्याने गेली, आणि पुढे खळ्यावरचे बलुतेही आटत गेले. त्या पेरणीचे धान्य सुगीस देऊ, असे पुष्कळांनी कबूल केले. काहींनी दिले, काही विसरले. आबांनी बाक्या कोळशाने भिंतीवर मांडल्या होत्या. पुढे त्यांचा एकुलता मुलगा ऐन तिशीत सर्पदंशाने गेला. दोन नातू व एक तान्ही नात त्यांच्या पदरात आली. त्या वर्षी भिंतीस चुना देताना आबांनी त्या बाक्या स्वहस्ते पुसल्या. त्या कोणाच्या होत्या, हे गावास ठाऊक होते.

पन्नाशी उलटल्यावर त्यांनी पुन्हा बापपण पत्करले. नातीसाठी पाभरीच्या उरल्या लाकडाचा पांगुळगाडा केला. आरंभी त्याची चाके आसावर घट्ट ठेविली, म्हणजे गाडा पोरीच्या पुढे पळू नये. तिचे पाऊल जसजसे ठरले, तसतशी ती सैल केली. पुढे तोच गाडा गावातील कितीतरी घरी फिरून आला. मुळाक्षरांआधी त्यांनी नातवंडांस इंच व सूत ओळखण्यास शिकविले. जोडकाम चुकले तर रागावत नसत; नुसती मापकाठी पुढे करीत.

१९९८ साली आबा वारले. घर आवरताना जुने लाकूड चुलीकडे चालले होते. नातीने त्यातून मापकाठी ओढून काढली. थोरला नातू आता लोखंडी पाभरी जोडतो. त्याच्या फणांतील अंतर अद्याप त्याच काठीवरून घेतले जाते.

बैलांची पाभर कमी झाली, ट्रॅक्टरचे पेरणीयंत्र आले; तरी वाफसा कोणासाठी थांबत नाही. म्हणून सभासद बंधूंस दोन विनंत्या आहेत. आपल्या गावी जुना सुतार वा लोहार हयात असेल, तर त्याच्या हत्यारांची व मापांची नोंद त्याच्याच तोंडून आजच लिहून घ्यावी. आणि औत दुरुस्त करणाऱ्याचे पैसे सुगीवर न टाकता, औत घरी नेण्यापूर्वीच त्याच्या हातावर ठेवावे.