वैमानिक सलेनबर्गर आणि २०८ सेकंद

अमेरिकेंतील टेक्सास राज्यांत डेनिसन नांवाचें एक गांव आहे. जवळच पेरिन येथें लष्करी विमानतळ होता, आणि तेथील जेट विमानें गांवावरून घोंघावत जात. तीं पाहत वाढलेल्या चेस्ली सलेनबर्गर या मुलाला (जन्म १९५१) पांचव्या वर्षींच वैमानिक होण्याचा ध्यास लागला. सोळाव्या वर्षीं तो गवताच्या धांवपट्टीवरून दोन आसनांचें एरॉन्का विमान उडवावयास शिकला. १९७३ सालीं ते हवाईदलाच्या विद्यालयांतून पदवी घेऊन बाहेर पडले; फँटम जातीचीं लढाऊ विमानें त्यांनीं चालविलीं, आणि १९८० पासून ते प्रवासी विमानांवर रुजू झाले. अपघातांच्या चौकशींतहि ते भाग घेत. एरव्हीं पुढील एकोणतीस वर्षांबद्दल सांगण्यासारखें फारसें कांहीं नाहीं; उतारूंना सुखरूप नेणें आणि आणणें, एवढेंच. वैमानिकाच्या बाबतींत ही मोठीच स्तुति म्हटली पाहिजे.

१५ जानेवारी २००९ रोजीं दुपारीं न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावरून त्यांचें एअरबस विमान १५५ माणसांसह उडालें. सुमारें २८०० फुटांवर रानहंसांचा थवा आडवा आला, पक्षी दोन्ही इंजिनांत शिरले, आणि इंजिनांचा जोर जवळजवळ नाहींसा झाला.

इंजिन बंद पडलें म्हणजे विमान दगडासारखें कोसळतें, हा समज खरा नव्हे. उंची ही त्याची शिल्लक असते. ती थोडथोडी खर्चून वेग विकत घ्यावयाचा. वेग असेपर्यंत पंख विमानाला तोलून धरतात. नाक फार वर उचललें तर वेग मोडतो व पंखांचा आधार सुटतो. फार खालीं दाबलें तर शिल्लक लौकर संपते. प्रश्न एवढाच, कीं आहे त्या शिल्लकेंत कोठवर जातां येईल?

सलेनबर्गर यांनीं सहवैमानिक जेफ्री स्काइल्स यांच्याकडून विमान आपल्या हातीं घेतलें आणि शेपटांतील लहानसें जादा इंजिन सुरू केलें. हें काम छापील सूचनांच्या यादींत बरेंच खालीं होतें. परंतु त्या विमानाचें बहुतेक नियंत्रण विजेवर अवलंबून, आणि वीज तर हवीच! ती यादीहि वीस हजार फुटांवरील प्रसंग धरून लिहिलेली. स्काइल्सना ती पुरी करावयास वेळच मिळाला नाहीं. परत फिरावें, कीं नदीपलीकडील टीटरबरो विमानतळ गांठावा? दोहींकडे खालीं दाट वस्ती. त्यांनीं हडसन नदी पत्करली. पक्षी लागल्यापासून २०८ सेकंदांत विमान पाण्यावर टेकलें.

पुढें चौकशींत नकली विमानावर प्रयोग झाले. पक्षी लागतांक्षणींच वळविलेलीं कांहीं उड्डाणें लाग्वार्डियास पोंचलीं. परंतु निर्णयासाठीं पस्तीस सेकंद जमेस धरतांच तें साधेना. मनुष्याला विचार करावयास वेळ लागतो, ही साधी गोष्ट पहिल्या प्रयोगांत हिशेबांतच नव्हती.

विमानांत पाणी चढत असतां सलेनबर्गर दोनदां शेवटच्या आसनांकडे चालत गेले, कोणी मागें राहिलें नाहीं अशी खात्री केली, आणि सर्वांच्या शेवटीं बाहेर पडले. नदींतील फेरीबोटी थोड्याच मिनिटांत येऊन पोंचल्या. कांहीं जणांना गंभीर इजा झाली, पण १५५ पैकीं एकहि प्राण गेला नाहीं. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत ते स्काइल्ससह पुन्हां लाग्वार्डियाहून उडाले, आणि मार्च २०१० मध्यें निवृत्त झाले.