आट्यांचा हिशेब

एमजी टीसी या जुन्या इंग्रज मोटारीचं इंजिन खोलायला बसलेल्या माणसाची पहिली फसगत बोल्टपाशी होते. डोक्यावर व्हिटवर्थचा, म्हणजे इंग्रजी मापाचा, पाना चपखल बसतो. बोल्ट बाहेर काढून आटे मोजावेत, तर ते मिलिमीटरचे. मॉरिस कंपनीने १९२३ मध्ये हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा कॉव्हेंट्रीतला इंजिन कारखाना विकत घेतला. तिथली यंत्रं फ्रेंच मापाचे आटे पाडत. यंत्रं तशीच चालू ठेवली आणि बोल्टचं डोकं मात्र इंग्रज कामगाराच्या पान्याला बसेल असं केलं. एमजी ही मॉरिसच्याच घरातली गाडी, त्यामुळे ही रीत टीसीच्या १२५० सीसी इंजिनापर्यंत आली. यातल्या ८ मिलिमीटरच्या बोल्टचे आटे एकेक मिलिमीटरवर. आज दुकानात मागितला तर मिळणारा ८ मिलिमीटरचा बोल्ट सव्वा मिलिमीटरचा. तो दोन फेरे आत जातो आणि अडतो. तिथे जोर लावला की ब्लॉकमधले आटे गेलेच.

ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९४५ ते १९४९ या काळात सुमारे दहा हजार टीसी बनल्या. दोन माणसांची जागा, १९ इंची तारांची चाकं, चोपन्न अश्वशक्ती. आकडे साधे आहेत, पण लांब बॉनेटमागे जमिनीलगत बसून ती चालवण्यातलं सुख मोठं आहे. मुंबईच्या व्हिंटेज रॅलीत एमजीची ही टी मालिका दिसते, तेव्हा लोक झळाळत्या रंगाचे फोटो काढतात. मला मात्र बॉनेटखाली पाहावंसं वाटतं. तिथे या शहराने केलेलं काम असतं.

ते इथेच करावं लागलं, कारण पर्याय नव्हता. स्वातंत्र्यानंतर मोटारींच्या आयातीवर बंधनं आली. शिवडीत १९२८ पासून मोटारी जुळवणारा जनरल मोटर्सचा कारखानाही १९५४ मध्ये बंद झाला. विलायतेहून सुटा भाग येण्याची वाट पाहायची, नाहीतर इथेच घडवायचा. ऑपेरा हाउसच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत विचारायचं, चोरबाजारात जुन्या लोखंडाचे ढीग उपसायचे, आणि तिथेही नाही मिळालं तर लेथवाल्याकडे जायचं.

माझ्या मते या गाड्या मुंबईत टिकल्या त्यात परळ-लालबागचा वाटा कोणत्याही श्रीमंत संग्राहकापेक्षा मोठा आहे. तिथल्या कापड गिरण्यांमधले साचे लँकेशायरचे होते. ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सचं नाव तर घरोघरी ठाऊक. जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये मांडलेले पंचावन्न अंशांचे आटे इथल्या फिटर-टर्नरांच्या रोजच्या हाताखालचे. परळचं रेल्वे वर्कशॉप एकोणिसाव्या शतकापासूनचं, व्हीजेटीआय या तंत्रशिक्षण संस्थेची स्थापना १८८७ ची. मोटारीशी या माणसांचा संबंध नसेल, पण झिजलेला बुश हातात घेऊन मूळ माप काय असेल हे त्यांना सांगता येई. ही नजर पुस्तकातून येत नाही. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या. त्यांच्या जागी टॉवर आणि मॉल आले. कापडाबरोबर ही कारागिरीही गेली, आणि तिची नोंद कोणी ठेवली नाही याचं मला फार वाईट वाटतं.

घरी काम करायचं तर जागा लागते. गिरगावच्या वाडीत ती नाही. दादरच्या हिंदू कॉलनीत किंवा फाइव्ह गार्डन्सच्या आसपास जुन्या इमारतींना गॅरेजं आहेत, तिथे जमतं. सुरुवात रंगाने करू नये, लाकडाने करावी. टीसीच्या बॉडीचा सांगाडा ॲश लाकडाचा आहे आणि पत्रा त्यावर ठोकलेला. चार महिन्यांचा पाऊस आणि खारी हवा लाकूड आणि पत्रा दोन्ही खातात. पत्रा गंजला तर दिसतो, लाकूड आतून कुजतं. दार उघडून हलकेच वर उचलावं. खांब हलला तर सुतार बोलवावा. ॲश इथे सहज मिळत नाही. जुनं, मुरलेलं सागवान चांगलं काम देतं.

मग कार्बोरेटर. टीसीवर एसयू बनावटीच्या कार्बोरेटरची जोडी असते. इंजिनाच्या ओढीने आतला पिस्टन वर उचलला जातो, त्याला लावलेली निमुळती सुई जेटमधून वर सरकते आणि हवा वाढेल तसं पेट्रोल वाढतं. पिस्टनने एकदम उसळू नये म्हणून काही एसयूंमध्ये वरच्या नळीत थोडं तेल असतं. एवढ्याच भागांत सगळं काम भागवणारी इतकी शहाणी वस्तू मी दुसरी पाहिली नाही. ॲम्बॅसेडरवरही एसयूच असे, म्हणून जुन्या मेस्त्रींना ती पाठ. दोन्ही कार्बोरेटर सारखे करताना ते रबरी नळीचं एक टोक कानाला लावतात, दुसरं एकेका तोंडाशी धरतात, आणि दोन्हींचा फुसकारा एकसारखा येईपर्यंत स्क्रू फिरवतात. सुईच्या घड्याळाचं साधन मिळतं, पण सरावलेला कान त्याहून लवकर सांगतो.

वायरिंगपाशी नव्या बॅटरीवाल्याला दोनदा बजावावं. या गाडीत अर्थिंग धन टोकाला असतं. सवयीने काळी वायर बॉडीला जोडली की ॲमीटर उलटा चालू लागतो.

सध्याची खरी काळजी पेट्रोलची आहे. त्यात मिसळलेलं वीस टक्के इथेनॉल जुनं रबर फुगवतं आणि दमट हवेतलं पाणी ओढून घेतं. पाइप नव्या जातीच्या रबराचे घालावेत आणि पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करावी. कागदपत्रांचं मात्र सोपं झालं आहे: २०२१ च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाड्यांना ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी दिली. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं. रोजच्या वापराला परवानगी नाही, पण रॅलीला, प्रदर्शनाला, पेट्रोल भरायला किंवा दुरुस्तीला ती रस्त्यावर आणता येते.

टीसी घ्यायचा विचार असलेल्याला माझा आग्रह एवढाच, की काढलेला प्रत्येक बोल्ट आटे मोजून, कुठून निघाला ते लिहून वेगळ्या पुडीत ठेवावा, आणि लेथवर नवा भाग करून घेतला की त्याचं मापांसह चित्र काढून फाइलला लावावं. पुढचा मालक कोण असेल ठाऊक नसतं. लेथवर तेव्हा कोण असेल, हे तर मुळीच नाही.