किनाऱ्यावरची मिरची: बियांपासून वाटणापर्यंत

भरल्या पापलेटाला हिरवं वाटण लागतंच, पण त्यातली मिरची दारात लावावी असं सातपाटीत फारसं कोणाच्या मनात येत नाही. खारी हवा, रेताड माती, इथे मिरची होतच नाही, हा समज पक्का बसला आहे. तो खरा नाही. याच पालघर-डहाणू पट्ट्यात, वाणगावच्या आसपास, पावसाळा सरला की तिखट मिरची आणि ढोबळी मिरचीची शेती उभी राहते. रेताड मातीत शेणखत किंवा कंपोस्ट नीट मिसळलं की कुंडीचंही भागतं. खरी अडचण पाण्याची. किनाऱ्याजवळच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात आणि मिरचीला खार सोसत नाही; पानांच्या कडा करपतात, वाढ खुंटते. म्हणून कुंडीला गोडंच पाणी हवं.

मासळी धुतलेल्या पाण्याचंही तसंच. ताज्या मासळीचं धुवण पातळ करून कधीमधी घातलं तर झाडाला नत्र मिळतं. खारवलेल्या मासळीचं पाणी मात्र मुळीच नको. डोकी, आतडी कच्चीच कुंडीत पुरणंही चुकीचं: ती कुजताना मुळांना इजा होते आणि मांजरं माती उकरतात. ती आधी खतखड्ड्यात कुजवावीत.

सगळ्यात जास्त निराशा होते ती बियांमुळे. वाटणासाठी मिरची चिरायची, बिया कुंडीत टाकायच्या आणि वाट पाहत बसायचं, असं घरोघर चालतं. बहुतेक वेळा काही उगवत नाही, मग दोष मातीला किंवा हाताला दिला जातो. हिरवी आणि लाल मिरची ही वेगळी झाडं नव्हेत; हिरवी म्हणजे न पिकलेलं फळ. त्यातलं बीही बहुधा अपक्वच असतं. बियांसाठी मिरची झाडावरच पूर्ण लाल होऊ द्यावी, बी काढून सावलीत वाळवावं आणि कोरड्या डबीत ठेवावं. दोन-तीन वर्षांनी त्याची उगवण घटत जाते. किराणा दुकानातल्या सुक्या मिरचीचं बी कधी उगवतं, कधी नाही, कारण ते किती जुनं आणि किती तापलेलं आहे हे कळत नाही.

शिवाय बाजारातली पुष्कळ मिरची संकरित असते. तिचं बी रुजलं तरी पुढची झाडं आईसारखी निघतीलच असं नाही. दरवर्षी घरचंच बी वापरायचं असेल तर सरळ वाण घ्यावा: नवी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचा ‘पुसा ज्वाला’ किंवा दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा ‘कोकण कीर्ती’.

पावसात पेरलं की झपाट्याने वाढतं, हेही आपल्याकडे लागू पडत नाही. पालघरला वर्षाला 2,000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. अशा ओलीत कोवळी रोपं जमिनीलगत कुजून आडवी होतात. गणपती झाले, पावसाचा जोर ओसरला, की बी अर्धा-एक सेंटिमीटर खोल पेरावं. साधारण आठ ते पंधरा दिवसांत ते रुजतं. पाच-सहा आठवड्यांनी रोप 10-12 इंची कुंडीत हलवावं आणि पाच-सहा तास ऊन मिळेल तिथे ठेवावं. मग फुलं थंडीत येतात आणि टिकतात. एप्रिल-मेच्या उकाड्यात फुलगळ होते, ती खत वाढवून थांबत नाही. उलट नत्र जास्त झालं की पाला माजतो आणि मिरच्या कमी लागतात.

पानं आकसली की घाईने खत घालणारे पुष्कळ. हा बोकड्या, तो उपासमारीचा आजार नव्हे. पानं वरच्या बाजूला वळली तर बहुधा फुलकिडे, खाली वळली तर कोळी. पांढरी माशी विषाणूही पसरवते. त्याने खुरटलेलं झाड बरं होत नाही, ते उपटून टाकणंच भलं. किडींसाठी एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल आणि थोडं साबणाचं पाणी मिसळून संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूने फवारावं.

ढोबळीशेजारी तिखट मिरची लावली तर ढोबळी तिखट होते, असं म्हणतात. त्या हंगामातलं फळ तसं होत नाही. परागांची सरमिसळ झालीच, तर ती बियांत उतरते आणि पुढच्या पिढीत दिसते. बियांसाठी ही दोन्ही झाडं लांब ठेवावीत.

आणि तिखटपणा बियांत नसतो. तो मिरचीच्या आतल्या, बिया धरून ठेवणाऱ्या पांढऱ्या भागात तयार होतो. बियांना फक्त बाहेरून लागतो. पोरांसाठी वाटण सौम्य हवं असेल तर तो पांढरा भाग खरवडून काढावा. तोंड भाजलं तर दूध किंवा दही द्यावं, कारण मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही.

एक हंगाम झाला की झाड संपलं, असं समजून पुष्कळजण ते उपटून टाकतात. मिरची बहुवर्षायू आहे. तोडे कमी झाले की फांद्या निम्म्याने छाटाव्यात, मूठभर कंपोस्ट घालावं आणि पावसात कुंडी पागोळ्यांपासून दूर, पडवीत घ्यावी. निरोगी झाड पुढच्या थंडीत पुन्हा मिरच्या देतं.